मांडवाच्या कोपऱ्यातली माणसं

१९१३ हे साल मराठी माणसाला पाठ असतं ते दादासाहेब फाळक्यांमुळे. त्या वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज व्हेडिट्झ नावाचा एक गृहस्थ कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि जवळपास चौदा मिनिटं हातांनी बोलला. आठव्या वर्षी आलेल्या तापात त्याचे कान गेले होते. तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचा तो अध्यक्ष होऊन गेलेला. त्या फिल्ममध्ये गोष्ट नाही, नट नाहीत. आमची भाषा शाळांमधून हुसकून लावली जाते आहे, ती सुरेख बोलणारी जुनी माणसं एकेक करून चालली आहेत, आणि पुढच्यांना ती दाखवायची असेल तर फिल्मवाचून दुसरा मार्ग नाही, एवढंच तो तळमळून सांगतो.

त्याची ही तळमळ उगाच नव्हती. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांना शिकवणाऱ्यांची परिषद भरली होती. शाळेत खुणांची भाषा वापरू नये, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावं, असा ठराव तिथे झाला. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. तो ठराव देशोदेशींच्या शाळांनी उचलला. म्हणून मग अमेरिकेतल्या संघटनेने वर्गणी काढली, पाचेक हजार डॉलर जमवले आणि १९१० पासून दहा वर्षं जमेल तसं, जमेल त्याचं चित्रण केलं. एडवर्ड मायनर गॅलॉडेट यांना त्यांनी सत्तरी उलटल्यावर कॅमेऱ्यासमोर आणलं. ते स्वतः ऐकू शकत, पण त्यांची आई कर्णबधिर, त्यामुळे खुणा त्यांना घरातूनच मिळालेल्या. जॉन हॉचकिस यांनी आपल्या लहानपणी पाहिलेल्या लॉरेंट क्लर्कच्या आठवणी सांगितल्या. क्लर्क हे फ्रान्सहून १८१६ मध्ये अमेरिकेत आलेले कर्णबधिर शिक्षक. ते वारले १८६९ साली, सिनेमाचा शोध लागायच्या कितीतरी आधी. ते फिल्मवर येणं शक्यच नव्हतं, तरी हॉचकिसच्या हातांतून ते आलेच. मला या सगळ्या प्रकल्पातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

फाळक्यांचा काळ आणि कर्णबधिर प्रेक्षक यांच्याबद्दलही मी पुष्कळदा विचार करते. मूकपटाला ऐकू येणारा आणि न येणारा दोघेही सारख्याच तिकिटाने बसत आणि सारखंच समजून उठत. पडद्यावर पाट्या येत, त्या वाचायच्या, बाकी सगळं चेहऱ्यावर आणि हातांत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. लोक बोलपटांसाठी वेडे झाले आणि प्रेक्षकांतला एक भाग गुपचूप बाहेर पडला. त्या बाहेर पडलेल्यांबद्दल आपल्या सिनेमाच्या इतिहासात मी फारसं कधी वाचलं नाही.

कर्णबधिरांची जुनी चित्रणं जपण्याच्या या वाटेला मी लागले मामामुळे.

आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. मामाला जन्मापासून ऐकू येत नाही. सत्तरच्या दशकात आजोबांनी त्याला मुंबईला, वसतिगृह असलेल्या एका शाळेत घातलं. आपल्या देशात कर्णबधिरांसाठी पहिली शाळा मुंबईतच निघाली, माझगावात, १८८० च्या दशकात. तेव्हापासून कोकणातली अशी मुलं मुंबईला जात राहिली. मामाच्या शाळेतही मिलानचाच नियम चालू होता. वर्गात तोंडाने बोलायचं, हात बाकावर ठेवायचे. हात हलले की पट्टी बसायची. खरी शाळा भरायची संध्याकाळी, वसतिगृहाच्या जिन्यात. तिथे मोठी मुलं लहानांना खुणा शिकवत आणि मोठ्यांना त्यांच्याआधीच्या मोठ्यांनी शिकवलेलं असे. कुणी ठरवलं नाही, छापलं नाही, तपासलं नाही, तरी एक अख्खी भाषा त्या जिन्यावरून खाली उतरत राहिली.

गणपतीला मामा गावी आला की त्याच्या हातांना दरवर्षी नवे शब्द फुटलेले असत. आजीच्या आणि त्याच्या आपल्या घरगुती खुणा होत्या: भाकरी, गुरं, होडी, पाऊस, वडील रागावलेत. त्यांच्यावर त्यांचा संसार चालायचा. त्यापलीकडचं तो काय सांगतोय हे आजीला कळत नसे. कळायचं ते फक्त त्याच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, कारण ती हट्टाने त्याच्यासमोर बसून प्रत्येक खूण विचारून घ्यायची. आईकडून ती माझ्याकडे आली.

मामाने पुढे गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून नोकरी केली. शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, उचलायचे, उलटी अक्षरं वाचत हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे पट्टीत, ओळ जुळवायची. त्याच्या वर्गातली बरीच मुलं अशाच कामांना लागली, छापखाना, शिवण, सुतारकाम. १९९१ मध्ये त्याचं लग्न झालं. मामी राजापूरकडची, तीही कर्णबधिर. लग्न गावी झालं आणि त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली.

ती कॅसेट आजीच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीत आणि डांबरगोळ्यांच्या वासात राहिली. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. फिल्म आणि टेप सांभाळणारे लोक तीस ते पन्नास टक्के मागतात. आमच्याकडे त्या दिवसांत मीठ पाझरतं, चपलांवर हिरवं येतं, लाकडी पेटीचं झाकण फुगून बसतं. कॅसेटच्या काचेतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरं जाळं दिसत होतं. अशी कॅसेट सापडली की सगळ्यांत आधी हात आवरायचा असतो. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर चढते, चित्र जातं, टेप चिकटून फाटते, आणि त्याच व्हीसीआरमध्ये पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. आधी कोरड्या हवेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवून ओल काढायची. मग कॅसेट उघडून, मऊ कापडाने टेप पुसत पुसत एका चकतीवरून दुसरीवर घ्यायची. हे काम करणारी माणसं अजून आहेत. आम्हाला चिपळुणात एक भेटले, साठीचे, पूर्वी स्वतः लग्नाची शूटिंगं करणारे. मी त्यांना म्हटलं, “काका, गाणी घालू नका, काही कापू नका, आहे तसं द्या.” ते म्हणाले, “ताई, लोक तर उलट सांगतात. मांडव कापा, जेवणावळ कापा, फेरे आणि आहेर ठेवा.”

हे त्यांचं वाक्य मी विसरू शकत नाही, कारण आम्हाला हवं होतं ते मांडवातच होतं.

कॅमेरावाला हॅलोजन धरणाऱ्या पोराला घेऊन ओटीवरून खळ्यात उतरतो. नवरदेवाकडे जाता जाता कॅमेरा कोपऱ्यावरून फिरतो. तिथे पाण्याच्या पिंपाशेजारी, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, मामाचे मुंबईचे मित्र गोल करून उभे आहेत. कर्णबधिर माणसं नेहमी अशीच उभी राहतात. गोल, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत, आणि उजेडाखाली. आमच्या वाडीत वीज यायच्या आधी हीच मंडळी गॅसबत्तीखाली जमायची, असं मामा सांगतो. बत्ती विझली की गप्पाही संपल्या, मग अंधारात एकमेकांच्या तळहातावर बोटांनी लिहायचं. हॅलोजनचा झोत त्यांच्यावर पडतो तेव्हा त्यातला एकजण चटकन वळून त्याच उजेडात आपलं वाक्य पुरं करून घेतो. मला ते फार आवडतं. कॅमेरा त्याच्यासाठी आलेला नव्हता, पण उजेड त्याने वापरून घेतला.

घरातल्या सगळ्यांचा समज होता की ती मंडळी जेवणाबद्दल, फार तर गाडीच्या वेळेबद्दल बोलत असावीत. आम्ही मामाला तो तुकडा हळू करून दाखवला. तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला आणि एकेक माणूस बोटाने दाखवत सांगू लागला. भुवईवर वण असलेला, त्याची नावाची खूणही तीच, भुवईवरून एक बोट. तो सांगतोय की त्याच्या मालकाने खिळे किलोवर विकले. ते ठेवायच्या खणांच्या पेट्यांसकट. आता ऑफसेट मशीन येणार, अक्षरं कॉम्प्युटरवर जुळणार. दुसरा, चष्म्याचा, विचारतोय की तुमच्यापैकी कुणी कॉम्प्युटर शिकलाय का, शिकवणारा खुणांनी शिकवतो का. तिसरा म्हणतोय, गावी ये, काजूची बाग कर. भुवईवाला त्यावर मान हलवतो, गावात बोलायला कोण आहे, असं म्हणतो.

एवढाच तो तुकडा. शिशाचे खिळे गेले आणि हजारो कंपोझिटर बेकार झाले हे आपल्याला माहीत आहे, त्यावर मराठीत लिहिलंही गेलं आहे. पण त्यातल्या कर्णबधिर कंपोझिटरांनी त्याबद्दल एकमेकांना काय सांगितलं, कशाची भीती घातली, काय सल्ला दिला, हे कुठे आहे? ते पत्रं लिहीत, पण मोडक्या मराठीत, कामापुरती. पोटातलं बोलत ते हातांनी, आणि ती भाषा रोजच्या वापरात लिहिली जात नाही. तिच्यात अर्थ नुसत्या बोटांत नसतो. हात छातीपाशी आहे की कपाळापाशी, भुवया वर आहेत की आवळलेल्या, खांदा कुणाकडे वळलाय, यातून व्याकरण चालतं. कागदावर उतरवलं तर निम्मं सांडतं. त्या पिढीचं बोलणं राहिलं असेल तर असंच, कुणाच्या तरी लग्नात, कॅमेरा दुसरीकडे जाताना.

म्हणूनच चित्रण वाचवताना चित्राची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. ऐकू येणाऱ्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये चेहरे ओळखू आले की काम भागतं. इथे बोटं वाचता आली पाहिजेत. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, एक आड एक रेषांनी, मागेपुढे टिपलेलं असतं. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० टप्पे. कॅसेटची सीडी करणारे बहुतेकजण त्यातले निम्मे टाकून देतात, किंवा दोन अर्धी एकमेकांत मिसळतात. वरमाला घालण्यात काही फरक पडत नाही, पण भराभर हलणारी बोटं पुसट होतात. जुन्या मूक फिल्मचं दुखणं वेगळं. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याने सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घेतलेली असत, आणि ती पुढे चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसं तुरुतुरु पळतात. लोक हसतात. खुणांची भाषा त्या वेगात वाचणं कठीण होतं. आणि सगळं नीट उतरवून झाल्यावर तो तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवला की तो इतका दाबला जातो की बोटांचा लगदा होतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर, हाताने नेऊन द्यावी, असं मी सगळ्यांना सांगत असते.

रिळांचं तर फार नाजूक. घरगुती चित्रणासाठी १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म आली, ती सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकवर. पण दमट, गरम हवेत ॲसिटेट कुजतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते. आणि तो आम्लाचा वास डब्यात कोंडून राहिला की कुजणं आणखी वेगाने चालू राहतं. एका डब्याला वास आला तर त्याला बाकीच्यांपासून वेगळं काढायचं. आपल्या किनारपट्टीवर हे सगळं थंड प्रदेशापेक्षा पुष्कळ लवकर होतं.

शिकागोच्या चार्ल्स क्राउएलबद्दल इथे सांगायला हवं. तो स्वतः कर्णबधिर. १९२५ च्या सुमारास त्याने कॅमेरा घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं आपल्या लोकांच्या सहली, मेळावे, भेटीगाठी टिपत राहिला. त्यात एक-दोन, एक-दोन-तीन अशा तालावर सगळे मिळून हातांनी म्हणत असलेली गाणी आहेत. तो प्रकार पुढे जवळजवळ नाहीसाच झाला. क्राउएल चित्रण करताना कर्णबधिरांच्या गोलात उभा होता, त्यामुळे हात सहसा चौकटीबाहेर जात नाहीत, आणि कुणी बोलत असताना तो मधेच वळत नाही. आमचा लग्नातला कॅमेरावाला चांगला माणूस होता, पण त्याला बोलणं चेहऱ्यात असतं असं वाटे. तो चेहऱ्यावर झूम करी आणि वाक्य चौकटीच्या खाली राही. पुढे टेड सुपाला या, स्वतः कर्णबधिर असलेल्या, भाषेच्या अभ्यासकाने क्राउएलचं हे चित्रण हाती घेतलं आणि म्हाताऱ्या क्राउएलशी त्यांच्याच भाषेत बसून बोलून घेतलं. नुसती रिळं राहिली असती तर पुष्कळ काही कळलं नसतं.

मला आता घाई वाटते ती यामुळे. कॅसेट आणखी दोन पावसाळे काढेलही. ती वाचणारी माणसं सत्तरीकडे चालली आहेत. भारतातल्या खुणांच्या भाषेचा अभ्यास मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला तेव्हाच त्यांना दिसलं की दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणांचं व्याकरण जवळपास एक, पण शब्दांत बराच फरक. तो फरक त्या त्या वसतिगृहाने घडवलेला. २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं, २०१८ मध्ये त्याने तीन हजार शब्दांचा कोश काढला, पुढे तो दहा हजारांवर नेला. हे व्हायलाच हवं होतं, आमच्या वाडीतल्या लहान मुलीलाही आता मोबाइलवर तो बघता येतो. पण ती मुलगी मामाशी बोलते तेव्हा दोघंही अधूनमधून अडतात. मामाच्या कितीतरी खुणा तिने पाहिलेल्या नाहीत. १९९१ च्या त्या कोपऱ्यातलं बोलणं तिला अर्धंच लागतं. मामाच्या पिढीनंतर ते कुणाला किती लागेल?

या कामासाठी आम्ही ओळखीतल्या कर्णबधिर घरांत विचारायला सुरुवात केली. गुहागर, लांजा, सावंतवाडी, वेंगुर्ला. काय नाही निघालं! शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कॅसेट, शिमग्याला पालखी नाचवताना खांद्यावरून मित्राशी बोलणारा एकजण, एका बाईंच्या डोहाळजेवणात बसलेल्या सात-आठ कर्णबधिर बायका, ज्यांची आपापसातली थट्टा आम्ही त्यांना विचारल्याशिवाय कुणालाच दाखवली नाही. ज्यांचं बोलणं आहे त्यांना आधी विचारायचं, ते गेले असतील तर घरच्यांना. काहींनी नको म्हटलं. तो त्यांचा हक्क आहे.

आणि कितीतरी घरांत उत्तर एकच होतं: पुरात गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. दीडशे वर्षांहून जुनं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ मध्ये बुडालं होतं, ते पुन्हा बुडालं. ग्रंथांची हळहळ सगळ्या महाराष्ट्राला झाली, मदतही आली, ते योग्यच होतं. त्याच चिखलात फोटो स्टुडिओंच्या कपाटांतल्या मूळ कॅसेट गेल्या, घराघरांतल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडची छपरं उडवली होती, तेव्हा माळ्यांवरच्या पेट्या उघड्यावर भिजल्या. म्हणून आता आमचा नियम आहे की प्रत्येक फाइलची एक प्रत घाटावर, पुण्याला, ठेवायची.

फाइल झाली की मग खरं बसणं असतं. मामा आणि त्याचा एक वर्गमित्र, जो आता सावंतवाडीला असतो, व्हिडिओ कॉलवर समोरासमोर येतात. आम्ही तुकडा लावतो, ते सांगतात, मी मराठीत लिहून घेते. सांगणाऱ्यांचंही चित्रण होतं, कारण माझ्या मराठीवर कुणी विसंबून राहू नये.

मागच्या बैठकीत त्या कोपऱ्यातल्या चष्मेवाल्यावरून दोघांची जुंपली. भारतीय सांकेतिक भाषेत नकाराची खूण वाक्याच्या शेवटी येते आणि प्रश्नाचीही. चष्मेवाला म्हणतो, “आपला छापखाना, दिवाळी, बंद” आणि शेवटची खूण करायला हात उचलतो, तेवढ्यात कॅमेरा नवरीच्या मुंडावळ्यांकडे वळतो. मामाचं म्हणणं, तो विचारत होता, भुवया आवळायला सुरुवात झालेली दिसते. मित्राचं म्हणणं, छे, तो नाही म्हणत होता, त्याचा छापखाना पुढे चार वर्षं चालू होता आणि मी त्याला तिथे भेटायला जायचो. मामाने तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मित्राने पुन्हा तेच सांगितलं. मामी मधे पडून म्हणाली, मी तेव्हा समोरच बसले होते, पण माझं लक्ष तुझ्याकडे होतं. दोघांनीही आपलं सोडलं नाही. त्या चित्रासमोर दोघांची मतं मी वेगवेगळी लिहिली आहेत, आणि त्यांचा वाद, अथपासून इतिपर्यंत, हात पूर्ण दिसतील असा, जपून ठेवला आहे. येत्या गणपतीला राजापूरहून मामीचा भाऊ येणार आहे. तोही त्या मांडवात होता, त्यालाही दाखवायचं ठरलंय.